जुन्या भट्टीचे वारस

शास्त्रपाठ : यिर्मया, अध्याय ३५, यहेज्केल, अध्याय १८, मत्तय, अध्याय १



आपल्या बुलढाणा जिल्ह्यात घाटावर काय आणि घाटाखाली काय, पुष्कळ गावांच्या शिवेवर किंवा आठवडी बाजाराच्या वाटेवर पूर्वी दारूची एक जागा असे. आज तेथे जाऊन पाहावे तर एखादा ढासळलेला ओटा, दोन बाभळी, नाहीतर कोणाचा तरी गुरांचा गोठा दिसतो. चुलीची राख मातीत मिसळून गेली, आणि तेथे बसून ज्यांनी पेले रिते केले ते सर्व मूठमातीस गेले. भट्टी गेली खरी; परंतु भट्टीशी ज्यांचा संबंध होता त्यांची नातवंडे व पणतवंडे गावात आहेत, आणि आपल्या मंडळ्यांतही आहेत. त्यांच्याविषयी आज आम्ही आपणांशी बोलणार आहो.

अलीकडे लोक आपल्या वाडवडिलांचा शोध मोठ्या हौसेने करू लागले आहेत. कोणास जातीच्या दाखल्याची गरज असते, कोणास नुसती जिज्ञासा असते. तहसील कचेरीत जुन्या कोतवाल बुकाच्या नकला मिळतात. त्या बुकात गावातील जन्म व मरणे लिहिलेली असतात. बापाचे नाव असते, जात असते. ज्या घराने आपला पूर्वज साधा कास्तकार होता असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले, त्या घराच्या हाती एखादे दिवशी असा कागद येतो की ज्यावर पणजोबाच्या नावापुढे 'कलाल' असे लिहिलेले असते. मग घरातील म्हातारी, जी आजवर गप्प होती, ती हळूच सांगते की होय, गावाबाहेरचा तो गुत्ता आपलाच होता.

घाटावरील एका मंडळीच्या उपदेशकाने आम्हांस असाच एक प्रकार कळविला आहे. त्या मंडळीत दोन घराणी आहेत. एकाच्या पूर्वजाकडे दारूच्या दुकानाचा मक्ता होता असे आता उघडकीस आले. दुसऱ्या घराण्यात पूर्वीपासून असे सांगतात की आमचे आठ एकर वावर दारूच्या उधारीत गेले. दोन्ही घराणी तीन पिढ्या एकाच बाकावर बसून प्रभूची स्तुती करीत आली. परंतु तो कागद निघाल्यापासून प्रभुभोजनाच्या वेळी एक उजवीकडे बसते आणि दुसरे डावीकडे. दोघांमध्ये सोयरिकीचे बोलणे चालू होते, तेही थांबले. मंडळीच्या पुस्तकात घराण्यांचा इतिहास लिहावयाचा आहे, त्यात ही गोष्ट लिहावी की गाळावी, असा त्या उपदेशकबंधूंचा प्रश्न आहे. हा प्रश्न एकाच मंडळीचा नाही, म्हणून त्याचे उत्तर आम्ही येथे देत आहो.

पहिली गोष्ट ही की, जिचा वारसा आपणांस लाभला ती भट्टी काय होती, हे खरेपणाने जाणून घ्यावे.

मोहाचे झाड देवाने निर्माण केले, आणि ते चांगले आहे. जळगाव जामोदकडे सातपुड्याच्या पायथ्याशी ज्यांची वस्ती आहे त्यांस हे सांगावयास नको. फाल्गुन-चैत्रात पहाटेच्या वेळी ती जाड, गोड फुले टपटप गळतात. बायका व मुले टोपल्या घेऊन ती वेचतात. वाळविलेली फुले गरिबाने पिठात घालून खाल्ली आहेत, आणि बियांचे तेल दिव्यात व जेवणात वापरले आहे. दुष्काळात ज्या झाडाने माणसे जगविली, त्याच झाडाच्या फुलांपासून माणसांस बुडविणारी वस्तूही निघाली. फुले पाण्यात भिजत घालावी, काही दिवस ती आंबू द्यावी, मग तो सडवा हंड्यात घालून खाली जाळ करावा. वाफ नळीतून जाऊन थंड पाण्यात ठेवलेल्या भांड्यात उतरते, तीच दारू. एवढीच त्या भट्टीची विद्या.

परंतु भट्टीस जाळ लागे तो केवळ लाकडांचा नव्हे. अबकारी ही निजामाच्या अमलात सरकारच्या उत्पन्नाची बाब होती, आणि १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात आल्यावरही ती तशीच राहिली. हिंदुस्थानच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळ्या काळी अशी वहिवाट होती की, दारू काढण्याचा व विकण्याचा हक्क लिलावात जास्त बोली बोलणाऱ्यास मिळावा. त्याने ठरलेली रक्कम सरकारात भरली म्हणजे मग जितकी दारू खपेल तितका त्याचा नफा. ज्याने बोली चढविली त्याला पिणारे वाढविल्यावाचून गत्यंतर नसे. पुढे १९०५-०६ साली हिंदुस्थान सरकारने अबकारीच्या चौकशीसाठी समिती नेमली, आणि गावोगावच्या भट्ट्यांऐवजी मोठ्या कारखान्यात दारू काढून ती दुकानांस पुरवावी या पद्धतीकडे कल झाला. गावची भट्टी विझू लागली ती अशी. दुकान मात्र राहिले. १९३८ साली मध्यप्रांत व वऱ्हाडासाठी दारूबंदीचा कायदा झाला. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला, आणि १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा १९५९ साली येथेही लागू करण्यात आला. जुना मक्तेदार गेला. चोरून काढलेली हातभट्टी राहिली; आणि १९७३ साली देशी दारूचे नियम होऊन परवान्याच्या दुकानांत बाटली आली.

आता विचार करा की त्या एका भट्टीशी किती घरे बांधलेली होती. मक्तेदार एक होता. परंतु मोहाच्या गोण्या गाडीत भरून आणणारा दुसरा, लाकूड फोडणारा तिसरा, मडकी घडविणारा चौथा, पाणी भरणारी पाचवी. पोळ्याला व शिमग्याला, लग्नाला व बारशाला तेथून घागर मागविणारे सारे गाव होते. कापूस विकून आलेले रुपये घरी पोहोचण्यापूर्वी तेथे उतरविणारा कास्तकार होता, आणि सालाची उचल तेथे ठेवून रित्या हाताने घरी जाणारा सालदार होता. या सर्वांच्या वर, पैसा मोजून घेणारे आणि बोट कोठेही न लागलेले, असे सरकार होते. मग कोणते घर म्हणेल की आमचा त्या ओट्याशी संबंध नाही? ज्याने दुसऱ्याच्या पणजोबाकडे बोट दाखविले, त्याने आपल्या पणजोबाच्या पायवाटेचाही माग काढावा. ती वाट बहुतकरून त्याच ओट्यापाशी जाऊन पोहोचेल. आणि कलाल या नावावरून कोणास हिणवू नये. त्या जातीचे असंख्य लोक पिढ्यान्‌पिढ्या शेती, व्यापार व नोकरी करून सन्मानाने राहत आहेत. पाप जातीत नसते, ते अंतःकरणात असते. आणि अंतःकरण सर्व जातींस आहे.

दुसरी गोष्ट. वाडवडिलांचे पाप मुलांच्या माथी मारू नये. आणि ते लपवूही नये.

यहेज्केल संदेष्ट्याच्या काळी लोकांत एक म्हण पडली होती : बापांनी आंबट द्राक्षे खावी आणि दात मुलांचे आंबावे. बाबेलच्या बंदिवासात बसलेले लोक ही म्हण सांगून आपले समाधान करीत. परमेश्वराने त्यांस बजाविले की ही म्हण यापुढे चालावयाची नाही. जो जीव पाप करील त्याचा हिशेब त्याच्याकडून घेतला जाईल, आणि दुष्ट बापाचा मुलगा आपल्या बापाची पापे पाहून त्यांपासून दूर राहिला तर तो जगेल. बंधूंनो, या अध्यायातील एक बारीक खूण लक्षात घ्या. तो मुलगा बापाची पापे पाहतो, असे तेथे म्हटले आहे. पाहिल्यावाचून तो दूर कसा राहणार? ज्याने डोळे मिटले त्याला खड्डा चुकविता येत नाही.

म्हणून लपविणे हा देवाचा मार्ग नव्हे. मत्तयाने आपल्या शुभवर्तमानाचा आरंभ प्रभूच्या वंशावळीने केला. यहूदी वंशावळीत बायकांची नावे सहसा घालीत नसत. त्याने घातली, आणि ती कोणाची? जिची गोष्ट सांगताना आजही वडील माणसे अडखळतात ती तामार. यरीहोची राहाब, जिचा धंदा पवित्र शास्त्राने झाकून ठेवलेला नाही. मवाबातून आलेली परदेशी रूथ. आणि उरीयाची बायको, जिच्या उल्लेखाबरोबर दाविदाचे पाप आठवावेच लागते. मत्तयाच्या हाती लेखणी होती. नावे गाळणे त्याला कठीण नव्हते. परंतु जो पाप्यांस तारावयास आला, त्याच्या वंशावळीतून पापी खोडले असते तर शुभवर्तमानाचे पहिलेच पान खोटे झाले असते. आपल्या प्रभूला ज्या वंशावळीची लाज वाटली नाही, तसलीच वंशावळ आपली असली म्हणून आपणांस लाज का वाटावी?

तसेच नहेम्याच्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात बंदिवासातून परतलेले लोक गोणपाट नेसून उभे राहतात आणि आपल्या पापांबरोबर वाडवडिलांच्या पापांचाही उच्चार करतात. ते दोषी म्हणून नव्हे, तर वारस म्हणून बोलतात. दोषी आणि वारस यांतील हा भेद आमच्या वाचकांनी मनात पक्का धरावा. दोष ज्याचा त्याच्याबरोबर जातो. वारसा मात्र मागे राहतो, आणि त्याचे काय करावे हे मागे राहिलेल्याने ठरवावयाचे असते.

तिसरी गोष्ट ही की, वारसा तोडता येतो.

लंडन शहराच्या माइल एंड नावाच्या भागात चॅरिंग्टन घराण्याची बिअरची फार मोठी भट्टी होती, आणि शहरात जागोजागी त्या घराण्याचे नाव रंगविलेले गुत्ते होते. १८५० साली त्या घरी जन्मलेला फ्रेडरिक चॅरिंग्टन हा तरुण एके रात्री 'उगवता सूर्य' या नावाच्या गुत्त्यावरून जात होता. दारात एक फाटक्या वस्त्रांची बाई नवऱ्याजवळ मुलांच्या भाकरीसाठी पैसे मागत होती. नवरा बाहेर आला आणि त्याने तिला ठोसा मारून गटारात पाडले. फ्रेडरिकने वर पाहिले, तो दारावर मोठ्या अक्षरांत त्याचेच आडनाव! त्याने तो ठोसा मारला नव्हता, आणि त्या माणसास पेला भरूनही दिला नव्हता. परंतु ज्या पैशावर तो वाढला होता तो कोठून येतो, हे त्याने त्या रात्री पाहिले. लाखो पौंडांच्या वारशावर त्याने पाणी सोडले, आणि त्याच वस्तीत राहून गरिबांची सेवा व शुभवर्तमानाची घोषणा करण्यात १९३६ साली मरेपर्यंत आपले आयुष्य वेचले. त्याच्या घराण्याची ती भट्टीही १९७५ साली बंद पडली. धंदा दोन्हीकडे संपला. परंतु तो संपण्याच्या शंभर वर्षे आधी एका वारसाने आपल्यापुरता तो संपविला होता.

हा विकणाऱ्याचा वारस झाला. आता पिणाऱ्याचा वारस पाहा, आणि त्यासाठी विलायतेस जावयास नको. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात शेंडगाव येथे १८७६ साली परीट समाजात डेबूजी नावाचा मुलगा जन्मला. त्याचा बाप झिंगराजी दारूच्या नादी लागून संसारास मुकला व अकाली मेला. पोराला घेऊन आईला माहेरचा आश्रय करावा लागला. त्या समाजात बारशाला मटण व दारू यांची पंगत घालण्याची रूढी होती. डेबूजीच्या पहिल्या मुलीचे बारसे आले तेव्हा त्याने दारूही दिली नाही व मटणही दिले नाही. गोड जेवण वाढले. नातलग रागावले, परंतु तो ढळला नाही. पुढे सर्व महाराष्ट्र ज्यांस गाडगे महाराज म्हणून ओळखू लागला, आणि जे १९५६ साली वारले, ते हेच. ते आपल्या मंडळीतले नव्हते. तरी ज्यांस ख्रिस्ताचा प्रकाश लाभला आहे त्यांनी त्यांच्याकडे पाहून एवढे स्वतःस विचारावे की, ज्या पंगतीत ते दारूस नाही म्हणाले, त्या पंगतीत आपण काय म्हणतो?

चौथी गोष्ट. वारसा तोडून भागत नाही. नवा वारसा बांधावा लागतो.

बाबेलच्या राजाच्या भयाने रेखाबी नावाचे एक घराणे यरुशलेमात आश्रयास आले होते. देवाच्या आज्ञेवरून यिर्मयाने त्यांस मंदिराच्या एका कोठडीत नेले, त्यांच्यापुढे द्राक्षारसाने भरलेली भांडी व पेले मांडले, आणि पिण्यास सांगितले. मंदिराची जागा, संदेष्ट्याचा आग्रह, आणि पाहणारे लोक! तरी त्यांनी हात पुढे केला नाही. ते म्हणाले की आमचा पूर्वज योनादाब याने आम्हांस द्राक्षारस पिण्याची मनाई केली आहे, आणि आम्ही, आमच्या बायका व मुले यांनी ती आजवर मोडलेली नाही. योनादाब हा येहू राजाच्या काळचा. म्हणजे त्याचा शब्द सुमारे अडीचशे वर्षे त्या घराण्यात टिकला होता. त्यांस वावर नव्हते, घर नव्हते. ते तंबूत राहत. वारशात त्यांस एक शब्दच मिळाला होता, आणि तो त्यांनी सांभाळला. परमेश्वराने साऱ्या यहूदाच्या लोकांपुढे त्यांचे उदाहरण ठेविले.

द्राक्षारसाचा प्रत्येक थेंब पाप आहे असे पवित्र शास्त्र म्हणत नाही. काना गावचे लग्न आम्हांस ठाऊक आहे. परंतु ज्या गावात, ज्या घरात, ज्या रक्तात दारूने इतके घर केले आहे, तेथे योनादाबासारखा स्पष्ट शब्द देणारा बाप हवा. आपली भट्टी दोन-तीन पिढ्या चालली असेल. आपला शब्द किती पिढ्या चालणार?

आता उपदेशकबंधूंच्या प्रश्नाकडे वळू.

घराण्याचा इतिहास लिहावयाचा तर खरा लिहावा. कागदावर जे आहे ते कागदावरचे म्हणून लिहावे, आणि म्हाताऱ्या माणसांनी सांगितले ते ऐकीव म्हणून लिहावे. दोहोंची भेसळ करू नये. दारूच्या उधारीत वावर गेले असे एक घर सांगते, तर जुन्या फेरफाराचा कागद मिळाल्यावाचून ते अमक्याच्याच पदरात पडले असे लिहू नये. तसेच दुष्काळात अनाथ झालेली पुष्कळ मुले मिशनच्या अनाथालयांत वाढली. त्यांच्या घराण्याचा आरंभ बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतील एका नावाने होतो, आणि त्यामागे काहीच लिहिलेले नसते. अशांस कोणी कमी लेखू नये, आणि त्यांच्यासाठी थोर पूर्वज कल्पूही नये. जे लिहिले ते आधी त्या घरच्या वडील माणसांस वाचून दाखवावे. मंडळीच्या सभेत वाचून कोणास खाली पाहावयास लावू नये.

त्या दोन घराण्यांस आमचे सांगणे एवढेच आहे. ज्यांचा पूर्वज दुकानदार होता त्यांनी, तसे घडले असेल तर आम्हांस त्याचे दुःख आहे, असे शेजाऱ्याच्या दारी जाऊन म्हणावे. त्यात त्यांची मान खाली होत नाही. जक्कय जकातीचा मक्तेदारच होता. तो झाडावरून उतरला तेव्हा लहान झाला नाही. आणि ज्यांचे वावर गेले त्यांनी हेही लिहावे की उधारी करणारा हात आमच्याच पूर्वजाचा होता. मग दोघांनी एकाच बाकावर बसून एकच भाकर मोडावी. प्रभूच्या मेजावर पणजोबांचा हिशेब मांडावयाचा नसतो. तो हिशेब ज्याच्याकडे आहे तो न्यायी आहे. आणि थांबलेल्या सोयरिकीविषयी म्हणाल तर मुलगा प्यायला बसतो की नाही हे विचारावे. त्याचा पणजोबा विकायला बसत होता की नाही हे विचारू नये.

शेवटी, जुन्या भट्टीविषयी बोलून नव्या दुकानाविषयी गप्प राहणे हा ढोंगीपणा होईल. ज्या गावात आज परवान्याचे दुकान आहे तेथील बहिणींस ठाऊक असावे की, राज्य सरकारच्या २००८ सालच्या आदेशाप्रमाणे गावच्या चतुर्थांश मतदारांनी किंवा स्त्री-मतदारांनी मागणी केली म्हणजे दुकानाविषयी मतदान घेता येते, आणि ठरलेल्या प्रमाणात मते आडव्या बाटलीच्या चिन्हावर पडली म्हणजे ते दुकान बंद होते. आणि ज्या गावात दुकान नाही परंतु कोणाच्या तरी गोठ्यामागे हंडा चढतो, तेथे मंडळीच्या लोकांनी आधी आपल्या गोठ्यामागे पाहावे. शंभर वर्षांनी कोणी आपला पणतू जुने कागद उलगडील. त्यात त्याला आपले नाव सापडेल. त्या नावापुढे काय लिहिलेले असावे, ते आज आपण लिहीत आहो.

ज्याच्या वंशावळीत पापी लोक आहेत आणि ज्याच्यात पाप नाही, तो आपला प्रभू येशू ख्रिस्त आपणांस सत्य पाहण्याचे धैर्य, क्षमा मागण्याची नम्रता व क्षमा करण्याची कृपा देवो; आणि आपल्या मुलाबाळांस आपल्यामागे असा शब्द मिळो की जो मोडावासा त्यांस वाटणार नाही. आमेन.